शंभर सीसीवर मावेल तेवढं

भातं कापून झाली, खळ्यावरची झोडणी आटोपली आणि शेतात नुसती खोडकी उरली की आमच्या किन्हवलीच्या हवेला निराळाच वास येतो. दवाने भिजलेल्या पेंढ्याचा, वाळत चाललेल्या मातीचा आणि सकाळी सकाळी कुणाच्या तरी अंगणात पेटलेल्या शेकोटीचा. वाल नुकते दोन पानांवर आलेले असतात. रस्त्याने पेंढा लादलेले टेम्पो जातात आणि दोन्ही बाजूंनी इतके फुगलेले असतात की मागच्याला पुढचं काही दिसत नाही. या दिवसांत माझं घरात लक्ष लागत नाही. मी स्टुलावर चढून माळ्यावरच्या बॅगा खाली काढते, अंगणात त्यांची धूळ झटकते, आणि ती झटकाझटकी ऐकूनच शेजारपाजारचे ओळखतात की सुजाता निघाली.

मी शहापूरला एका खाजगी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. किन्हवली ते शहापूर रोज मोटारसायकलने जाते-येते. गाडी शंभर सीसीची, भावाने कल्याणला नोकरी लागल्यावर माझ्याकडे टाकलेली. त्याला वाटलं होतं मी ती विकेन. मी तिच्यावर फिरायला लागले. आता माझी ख्याती अशी की दंडाला रबर बांधलेला पेशंटसुद्धा सुई आत जाताना विचारतो, "ताई, लांब जायचं तर गाडीला बॅग कंची बरी?" सुईकडचं त्याचं लक्ष उडतं, माझंही काम सोपं होतं, म्हणून मी मनापासून सांगते.

सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे. बाजारात कुलपाचे चौकोनी डबे मिळतात. मोठ्या गाडीवर ते शोभतात. आमच्या गाडीवर रिकामा डबाच इतका जड होतो की आत काही भरायला गाडीत दम राहत नाही. टाकीवर चिकटणारी चुंबकाची बॅग चांगली, फक्त पेट्रोल भरताना दरवेळी ती काखेत मारून उभं राहावं लागतं. दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या कापडी बॅगा सगळ्यांत गुणी, पण उजवीकडचीला सायलेन्सरपासून जपावं लागतं, नाहीतर पहिल्याच चढाला जळकट वास सुटतो आणि आपण बिचाऱ्या क्लचला दोष देत राहतो. आत खताची धुतलेली गोणी घालावी. पाऊस असो की दव, तिच्यापुढे महागाची सगळी कव्हरं फिकी. आणि काहीही घेतलं तरी अर्धं घरी ठेवावं. लहान गाडी माणसाला हे चढावर शिकवते, आणि चढावर शिकलेलं सहसा विसरत नाही.

आणि मग ती व्हिडिओतल्या पोरांची लाडकी बॅग. सीटवर आडवी टाकायची, लोडासारखी, पट्ट्यांनी करकचून बांधायची. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी मीही तीच घेतली होती. काळी, पिवळ्या पट्ट्यांची, आत माणूस झोपेल एवढी. भातं निघाल्यावर तीन दिवस एकटीने माळशेज चढून पलीकडे जायचं, ओतूर, जुन्नर, जिथे वाटेल तिथे थांबायचं, असा बेत होता. लॅबमध्ये रजा सांगून झाली होती. मला एकटीलाच जायचं होतं, यात लपवण्यासारखं काय आहे? वर्षभर दुसऱ्यांच्या नसा शोधून मी कंटाळले होते.

घरात मात्र त्या वर्षी दुसरीच गोष्ट अडून बसली होती.

माझे बाबा ड्रायव्हर. ओतूरकडचा कांदा, कोबी, टोमॅटो माळशेजमधून कल्याणच्या बाजारात आणायचा, हे त्यांचं उभ्या आयुष्याचं काम. त्यांच्या बोलण्यात सामान हा शब्दच नाही. सगळा माल. आईची माहेरची पेटीसुद्धा मालच. घाटात त्यांच्या टेम्पोला कुणी ओव्हरटेक केलं तर ते रागवायचे नाहीत, नुसते हसायचे, आणि पुढच्या वळणापाशी तो गडी रेडिएटर गार करत उभा दिसला की एक बारीकसा हॉर्न देऊन पुढे जायचे. आदल्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. सौम्य होता. पाय बराचसा परत आला, डावा हात अर्धामुर्धा. डॉक्टर म्हणाले, आता यांना फिरवा, बाहेर न्या, चार लोकांत बसवा.

आम्ही नेलं. चुलत बहिणीच्या लग्नाला दोघा पुतण्यांनी त्यांना काखेत धरून जीपमध्ये उचलून ठेवलं. पोरांनी प्रेमानेच केलं. बाबा लग्नात जेवले, वधूवरांना आशीर्वाद दिला, घरी आले, ओटीवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आता मला कुठं न्यायचं नाय."

तेव्हापासून ते तिथेच. सकाळी खुर्ची, दुपारी आत पलंग, संध्याकाळी पुन्हा खुर्ची. विहारापुढच्या पारावर त्यांची मित्रमंडळी बसते, तिथवरही नाही. कुणी न्यायला आलं तर पाय दुखतो म्हणायचे. पाय दुखत नव्हता, हे मला रिपोर्टशिवाय कळत होतं. त्यांना मागे बसायचं नव्हतं, एवढंच होतं. जो माणूस जन्मभर स्टिअरिंगमागे बसला त्याला कुणीतरी उचलून ठेवावं, हे त्यांना सोसलं नाही. आई दिवसेंदिवस वाळत चालली होती. बाबा त्या खुर्चीतून उठणार की तिथेच संपणार, आमच्या घरात दुसरा प्रश्न नव्हता, आणि तो कुणी तोंडाने विचारत नव्हतं.

अशात एका रविवारी मी अंगणात गाडी लावून ती नवी बॅग सीटवर चढवून बघत होते. उन्हं कोवळी होती. समोरच्या खळ्यावर आई सुपाने भात वारवत होती आणि भुसा उडून माझ्या केसांत बसत होता. मी पट्टे ओढले, बकलं लावली, गाडी हलवून पाहिली. बॅग हलली नाही. मी खूश.

"सैल हाय," ओटीवरून आवाज आला.

मी वळून पाहिलं. कित्येक महिन्यांत बाबा आपणहून काही बोलले नव्हते. जेवण झालं का, गोळी घेतली का, याला हो-नाही, एवढंच त्यांचं बोलणं उरलं होतं.

"घट्ट आहे बाबा. ओढून बघितलं मी."

"वरून घट्ट हाय. खालून सैल हाय. पहिल्या खड्ड्याला डावीकडं सरकंल."

"नाही सरकणार."

ते खुर्चीच्या हाताला धरून उठले. काठी घेतली. ओटीच्या पायऱ्या एकेक करून उतरले, गाडीपाशी आले आणि उजव्या हाताने पट्ट्याखाली बोट घालून बॅग ओढली. बॅग डावीकडे सरकली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, परत जाऊन बसले. आईच्या हातातलं सूप थांबलं होतं. तिने मला डोळ्यांनी खुणावलं, आणि मला काय करायचं ते कळलं.

मी बॅग सोडली आणि पुन्हा बांधली, मुद्दाम वाईट. दुसऱ्या दिवशी लॅबमधून आल्यावर पुन्हा. तिसऱ्या दिवशी दोरीने. मग ट्यूबच्या पट्ट्यांनी. त्या आठवड्यात मी जितकं गलथान काम केलं तितकं आयुष्यात केलं नसेल, आणि दरवेळी बाबा उठून खाली आले. आधी नुसते बोट लावायचे. मग एका हाताने गाठ मारायला लागले, दुसरं टोक माझ्या हातात देऊन. मग तर मी घरी येण्याआधीच खाली उतरून उभे असायचे. त्यांच्या चालण्यात मला फरक दिसला, आईला दिसला. आई म्हणाली, "गो, त्या डॉक्टरला पण अशी एक बॅग घेऊन दे."

शनिवारी बाबा बॅगेकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एवढा माल एका बाईला कशाला लागतो गो?"

मी काहीतरी उत्तर दिलं, पण माझ्या डोक्यात ते शिरून बसलं. सीटवर जिथे बॅग होती तिथे एक माणूस बसू शकत होता. हे मला सुचलं तेव्हा, खरं सांगते, मला आनंद झाला नाही. राग आला. माझी एकटीची रजा, माझा एकटीचा घाट, तिथे गोळ्यांच्या वेळा आणि काठी आणि दर तासाला लघवीला थांबणं. रात्रभर मी स्वतःशी भांडले आणि सकाळी उठून ती काळी बॅग माळ्यावर टाकली. ती अजून तिथेच आहे. आई तिच्यात गोधड्या ठेवते, आणि गोधड्यांना ती उत्तम आहे.

बाबांना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पाय दुखला असता. मी म्हटलं, "बाबा, मागे माणूस बसवायचा असेल तर माल कुठे भरायचा?"

"माणूस कोण?"

"समजा कोणीतरी."

ते म्हणाले, "दुधवाले भरतात तसा. दोन्ही अंगाला. खाली."

लहान गाडीवर सामान निवडायचं म्हणजे आधी जागा कुणाची ते ठरवायचं. हे मी आता पेशंटांना सांगते आणि ते मान डोलावतात, पण त्यांना पटत नाही, त्यांना रंग विचारायचा असतो. मोठ्या गाडीवाल्यांना हा प्रश्नच पडत नाही, त्यांचं माणूसही मावतं आणि डबेही मावतात. आम्हाला पडतो, म्हणून आम्हाला आपल्याबरोबर काय आणि कोण हवं आहे ते नीट ठाऊक असतं. मला या गोष्टीचा अभिमान आहे आणि तो मी कमी करणार नाही.

नाक्यावरच्या वेल्डरने दूधवाल्यांच्या स्टँडसारखंच पण हलकं स्टँड करून दिलं. त्यावर दोन कापडी बॅगा, दफ्तरापेक्षा थोड्या मोठ्या. सीटमागे पाठीला टेकायला वाकवलेली सळई, तिला फोम गुंडाळून रेक्झिन. बाबा स्वतः नाक्यावर आले. चालत, काठी टेकत, मध्ये दोनदा थांबून. वेल्डरला त्यांनी इतक्या सूचना दिल्या की शेवटी तो म्हणाला, "काका, तुमीच पकडा मशीन." बाबा हसले. तोंडाचा डावा कोपरा कापडाने पुसत ते म्हणाले, "टेकायला नको हाय तशी सळई. पण माल मागं सरकायला नको." म्हणजे तोवरही ते आपण बसणार असं म्हणत नव्हते. आजही म्हणतात की सळई मालासाठीच होती.

पकडीचं काम आईने केलं. बाबांचा उजवा हात दणकट होता, डाव्याचा भरवसा नव्हता. तिने जुन्या खाटेची नवार काढून माझ्या कमरेला रुंद पट्टा शिवला, उजवीकडे धरायला कडी. डावा हात कुठे ठेवायचा यावर दोन दिवस चर्चा झाली. मी म्हटलं बांधू या हलकेच. बाबा भडकले. "मी काय भारा हाय बांधायला?" मग आईने माझ्या जाकिटाचा डावा खिसा उसवून मोठा केला आणि म्हणाली, "ह्यात ठेवा हात. थंडी पन नाय लागायची." बाबांनी अंगणात उभ्या गाडीवर बसून हात खिशात घालून पाहिला. मी लहान असताना जत्रेत त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घालून चालायचे. ते मला आठवलं, त्यांना आठवलं की नाही माहीत नाही. ते एवढंच म्हणाले, "खिसा खोल हाय."

मग निवड सुरू झाली. दोघांचं तीन दिवसांचं सगळं त्या दोन बॅगांत बसवायचं होतं. बाबांची एक शाल आणि स्वेटर की नुसती शाल? शाल. ती रात्री पांघरता येते. माझे तीन ड्रेस की दोन? दोन, आणि त्यातला एक अंगावर. गोळ्या डबीतून काढून पुड्यांत बांधल्या, डबा घरी. टॉवेल एकच, पातळ पंचा. बाबांना दाढीचं सामान हवंच होतं, मी म्हटलं तीन दिवस दाढी वाढली तर घाट परत पाठवणार नाही, ते म्हणाले मी पलीकडच्या लोकांत असा जाणार नाय. दाढीचं सामान बॅगेत गेलं. काठी बॅगेच्या वरून लांबीत बांधली. जी वस्तू बाहेर निघाली तिच्याबद्दल आम्ही भांडलो आणि जी आत गेली तिच्याबद्दलही. महिनोन्महिने आमच्या घरात इतकं भांडण झालं नव्हतं, आणि आई खळ्यावर गाणं गुणगुणत होती.

तुझं काय, तू चल ना कधीतरी, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "मला नको गो. हे गेले की मी दोन दिस गप पडून राहीन." ते ऐकून मला समजलं की या सगळ्यात थकलेलं माणूस एकच नव्हतं.

शेजारी विचारायला आले ते एकच, "कुणाकडं चाललात?" आमच्याकडे माणूस निघतो तो कुणाकडे तरी. लग्नाला, मयताला, बारशाला, कोर्टाला. मी म्हणायचे, कुणाकडे नाही, असंच फिरायला. ते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे, जणू रात्रीतून कुणी नातेवाईक पैदा झाला असेल. आईलाही ते पटलेलं नव्हतं. निघायच्या सकाळी तिने नव्या तांदळाची पिशवी आणून ठेवली. चांगली जड.

"आई, आम्ही कुणाकडेच जात नाही आहोत."

"कुनी ना कुनी भेटतंच. नवा तांदूळ निघाल्यावर रिकामं जात नाय घरातून."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. प्रश्न एवढाच की पिशवी कुठे ठेवायची. बाबांना विचारण्याची गरजच पडली नाही. "जड माल मागं," ते म्हणाले, "चाकाच्या डोक्यावर. गाडी बसून चालते." आणि त्यांनी ती सळईच्या मागे, पार टोकाला ठेवून ट्यूबने आवळून घेतली. त्या गाठीला मी हात लावला नाही. दोघांनी हेल्मेटं घातली. बाबांनी उजवा पाय स्टँडवर ठेवला, माझा खांदा धरला आणि स्वतःचे स्वतः बसले. कुणी उचललं नाही. शेजारी उभे होते, पण बाबा त्यांच्याकडे पाहत नव्हते.

सरळगावपर्यंत रस्ता धुक्यात होता. शेतं दोन्ही बाजूंनी पिवळी, मध्येच वालाचा हिरवा पट्टा, मध्येच पेंढ्याची उडवी. बाबांचा हात माझ्या खिशात होता आणि मागून सूचना चालू होत्या. "तिसऱ्यात घाल." "आता सोड." "बैल हाय पुढं." मी पंधरा वर्षं गाडी चालवते आहे. तरी मी तिसऱ्यात घातली.

फाटा ओलांडून टोकावड्याच्या दिशेला लागलो आणि हँडल हातात पोहायला लागलं. आधी वाटलं हवा कमी आहे. वेग थोडा वाढवला तर पुढचं चाक जमिनीवर आहे की नाही असं वाटावं. एका खड्ड्यात तर गाडी पुढून अशी उचलली की हँडल हातातून सुटता सुटता राहिलं. मी बाजूला घेतली.

"काय झालं?" बाबा म्हणाले.

"पुढून हलकी झाली. मागे वजन जास्त आहे. तांदूळ पुढे घ्यायला हवा."

"टेम्पोला तर मागंच..."

"हा टेम्पो नाही बाबा."

मला वाटलं आता ते चिडतील. उतरून काठी मागतील, एसटीने परत जाऊ म्हणतील, आणि सगळं मुसळ केरात. ते उतरले. गाडीच्या बाजूला उभं राहून त्यांनी पुढचं चाक बघितलं, मागचं बघितलं, सीट बघितली. बराच वेळ बघितलं. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं, आणि ते हसायला लागले. अर्ध्या तोंडाने, कारण डावी बाजू अजून मागे राहते.

"मालात मी सोताला धरलंच नाय गो."

मग आम्ही दोघं हसलो. रस्त्याकडेला, हेल्मेट हातात घेऊन. एक पेंढ्याचा टेम्पो आमच्याकडे बघत गेला. बाबांनी स्वतः तांदळाची गाठ सोडली. पिशवी माझ्या पुढे टाकीवर आली आणि ट्यूबने जखडली. टाकीवर होती ती पाण्याची बाटली आणि पंचा मागे गेले. मी गाडी सुरू केली आणि ती सरळ चालली, जणू सकाळपासून हेच सांगत होती. त्या दिवसापासून बाबा माल भरताना दरवेळी मला विचारायला लागले, "मी धरून किती झालं?" हे विचारणं सोपं नव्हतं. कुणी आपल्याला उचलून ठेवणं निराळं आणि आपण होऊन आपलं वजन मोजणं निराळं. पहिल्यात माणूस लहान होतो. दुसऱ्यात तो पुन्हा ड्रायव्हर होतो, असं मला वाटतं आणि मी ते कुणाशीही वाद घालून सिद्ध करीन.

टोकावड्याला चहा प्यायलो. ढाब्यावरचा मालक बाबांना ओळखत होता, की ओळखल्यासारखं करत होता, आणि त्यानेही विचारलं, कुणाकडं. बाबांनी कपातला चहा संपवला आणि म्हणाले, "बघू."

घाट मी दुसऱ्या-तिसऱ्यात चढवला. मागून एकही सूचना नाही. सुरुवातीला मला बरं वाटलं, मग काळजी वाटायला लागली. हात खिशात आहे ना? आहे. एका रुंद वळणावर मी थांबवलं आणि विचारलं, त्रास होतोय का. त्यांनी मान हलवली. ते दरीकडे बघत होते. धुकं वर चढून विरत होतं. खाली आमचीच बाजू पसरली होती, कापून मोकळी झालेली खाचरं, मधूनमधून झाडोरा, एखादा चमकणारा पत्रा.

"इतकी खोल हाय होय," ते म्हणाले.

"तुम्ही किती वेळा आलात इथून बाबा."

"ड्रायव्हरला कुठं बघायला मिळतं. त्याची नजर रस्त्याला. मला माझा क्लीनर सांगायचा, शेठ, इकडं बघा, तिकडं बघा. मी म्हनायचा गप बस."

ते पुन्हा बघत राहिले. मी घाई केली नाही. मागे बसल्याशिवाय दिसत नाही असं या जगात पुष्कळ आहे, हे त्या वळणावर मला कळलं, आणि त्यांना माझ्या आधी कळलं होतं. मला फार बरं वाटलं. एकटी गेले असते तर मीही घाट भराभर चढवून, वर जाऊन फोटो काढून मोकळी झाले असते.

वर पोहोचल्यावर एका टपरीवालीकडे भाकरी खाल्ली. तिचा मुलगा मुंबईला, नवरा नाही, तांदूळ विकतचा. आईची पिशवी तिथे उतरली. तिने रिकामी पिशवी परत दिली असती तर माझी गाडी हलकी झाली असती, पण तिने तिच्यात कांदे भरले, आग्रहाने, बाबांचं काही न ऐकता. पुढे ओतूरच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या पडवीत मुक्काम झाला तर कांदे तिथे गेले आणि भुईमुगाच्या शेंगा आल्या. शेंगा जुन्नरला एका घरी गेल्या, तिथून पेरू. तीन दिवस ती पिशवी एकदाही रिकामी चालली नाही. लहान गाडीवर सामान कमी घ्या असं मी छातीठोकपणे सांगते, आणि एवढ्या एका पिशवीबाबतीत मी काही बोलत नाही.

त्या तीन दिवसांत बाबांनी काय केलं म्हणाल तर काही नाही. रोज दाढी केली. कुणाच्याही ओट्यावर बसले, कांद्याचा भाव विचारला, त्यावर त्यांच्या काळचा भाव सांगितला. शाल पांघरून झोपले. एकदा पडवीच्या पायरीवर त्यांचा तोल गेला आणि घरच्या बाईने हात दिला, तेव्हा त्यांनी तो धरला आणि आभार मानले. मी ते लांबून पाहिलं आणि तोंड फिरवलं, कारण मला रडू येत होतं आणि त्यांना ते आवडलं नसतं.

पण तिसऱ्या दिवशी घाट उतरायला लागलो तसा मला घोर लागला. उतारावर ते बोलले नाहीत. टोकावड्याला थांबायचं का विचारलं तर नको म्हणाले. दुपारची उन्हं तिरपी झाली होती, खळ्यांवर भाताच्या राशी पिवळ्या दिसत होत्या, आणि ओळखीचा एकेक पूल, एकेक वड मागे पडत होता. घर जवळ येत होतं. घरी ओटी होती, ओटीवर खुर्ची होती. तीन दिवस हा माणूस हसला, भांडला, बोलला, आणि आता मी त्याला नेऊन पुन्हा तिथेच बसवणार. सोमवारी मी लॅबला जाणार. मी कितीही बॅगा बांधल्या आणि सोडल्या तरी रोज काही घाट येणार नाही. मी स्वतःला समजावलं की तीन दिवस झाले हेही खूप झालं. मला ते पटलं नाही.

सरळगावचा फाटा दिसायला लागला. किन्हवलीला उजवीकडे वळायचं. मी वेग कमी केला, गिअर उतरवला, उजवा इंडिकेटर दिला आणि समोरून येणारा ट्रॅक्टर जाऊ देण्यासाठी थांबले.

मागून बाबांनी खिशातला हात थोडा हलवला.

"मुरबाडच्या पुढं कर्जतला रस्ता जातो ना गो?"

"जातो."

"कसा हाय?"

"मला माहीत नाही. मी गेले नाही कधी."

"मी पन नाय गेलो. तिकडं माल नव्हता कधी."

ट्रॅक्टर गेला. मागचा रिक्षावाला हॉर्न द्यायला लागला. मी म्हटलं, "बाबा, गोळ्या आजच्यापुरत्याच आहेत."

"मुरबाडला काय मेडिकल नाय?"

"आणि सोमवारी माझं काम."

"आज शनिवार हाय," ते म्हणाले. "इंडिकेटर बंद कर आणि सरळ घे."

मी इंडिकेटर बंद केला.